जागा बदललेला गंधार

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो, आणि मी अजून क्षमा केलेली नाही.

सुप्याच्या कानिफनाथ मास्तरांजवळ मी वीस वर्षे होते. मास्तर जन्मापासून आंधळे. एसटीच्या भोंग्यातूनही त्यांना चाल सुचे. बहात्तरच्या दुष्काळात माझे लाकूड सुकले आणि 'ग'ची पट्टी मोडली. मास्तर तेव्हा भूप रागात चाली बांधत होते. भूपात 'म' लागतच नाही. त्यांनी चाचपत मला उघडले, 'ग'चा पितळी सूर, म्हणजे आवाज देणारी पाती, काढून शेजारच्या 'म'च्या पट्टीखाली बसवला आणि हसले, "रिकामी बसली हुती, लावली कामाला."

त्या चाली उतरवून घ्यायला त्यांचा शिष्य गोरक्ष वही घेऊन बसे. कानाने सूर ओळखायची मेहनत त्याने कधी केली नाही.

"गोरक्षा, तुझा श्वास माझ्या बोटांवर येतोय. बघू नगंस, ऐक."

"तुमी वाजवा मास्तर. डोळं मला हायेत."

ते वाक्य मी विसरले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांची मुलगी चांगुणा मला रोज पुसायची, वाजवायची नाही. दिवाळीत गोरक्षाने तिला स्वतःचे छापलेले पुस्तक दिले: भूपाच्या बारा चाली, रचनाकार गोरक्ष. मास्तरांचे नाव आभारातही नव्हते. चांगुणाने पहिले पान वाचले, 'म' पाहिला, आणि मला चादरीत बांधले.

नगरला त्या पुस्तकाचे प्रकाशन होते. पाहुण्या वादकाने स्वतःच्या पेटीवर पुस्तकातली पहिली चाल वाजवली. मास्तरांचे जुने तबलजी भाऊसाहेब पुढच्या रांगेतून ओरडले, "आरं गोरक्षा, भूपात म कुठनं घुसला?"

"वाट चुकला आसंल!" मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

"छापणाऱ्याची चूक हाय," गोरक्ष म्हणाला.

चांगुणाने मला मंचावर ठेवले. "हेच पान वाजवते. एक अक्षर बदलत नाही."

छापलेल्या प्रत्येक 'म'वर तिचे बोट पडले आणि प्रत्येक वेळी माझ्यातून 'ग' निघाला. निखळ भूप. मग तिने माझे झाकण काढून हलवलेला सूर सर्वांना दाखवला.

"चाल ह्याच पेटीवरची," भाऊसाहेब डोळे पुसत म्हणाले. "आमच्या कानिफची."

गोरक्ष मागच्या दाराने गेला. मला त्याची पावले ऐकू आली. फार गोड वाटली.

परवा पेटी दुरुस्त करणारा आला होता. नवी पट्टी घालतो, सूर जागेवर बसवतो म्हणाला. चांगुणाने त्याला चहा देऊन परत पाठवले.

मित्रांनो, जुन्या वाद्यांची धूळ पुसा, त्यांना उंदरांपासून जपा. मलाही जपा. फक्त तो सूर हलवू नका. गोरक्षाच्या पुस्तकाच्या प्रती अजून दुकानात आहेत.