पळसाचं पाणी आणि माझं लोखंडी पोट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझा एक कान तुटलेला आहे, बूड जरा कलतं आहे, आणि या घडीला माझ्या पोटात एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे. तिला उठवू नका. आपण हळू बोलू.

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात माझं घर आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या लोहाराने मला घडवलं. शालिग्रामभाऊ आणि सोजराबाई यांच्या दारी मी आले आणि गावातली लग्नं शिजवू लागले. वांग्याची भाजी माझ्या पोटात रटरटली की पंगतीतून आवाज यायचा, "कढईतली भाजी हाय हो, वाढा अजून!" मी चुलीवर फुगून बसायचे. पुढे भाड्याची चकचकीत पातेली आली आणि मी गोठ्यात गेले. तिथे माझी विचारपूस फक्त कोंबड्या करत.

गेल्या साली पळस फुलला तेव्हा मात्र माझं नशीब पालटलं. घरची लेक करिष्मा, तिचं लग्न ठरलं होतं. तिची वहिनी रुपाली रानातल्या फुलापानांनी सुती कापड रंगवायला शिकून आली होती. तिने शब्द दिला, "तुमची हयदीची साडी मी पळसानं रंगवीन." करिष्माने ही बातमी फोनवरून सासरी दहा वेळा सांगितली.

हळद दोन दिवसांवर आली. हातमागाची पांढरी साडी रुपालीने आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली, म्हणजे रंग धागा सोडत नाही. फुलं पाटीभर तयार होती. फक्त भांडं हवं होतं.

"आई, तुमचं पितळेचं गंगाळ देता का? लोखंड चालत नाही म्हणतात."

"माह्या माहेरचं गंगाळ?" सोजराबाईंनी छातीवर हात ठेवला. "चाळीस वर्षं झाले, त्यात नातवालेही आंघोळ नाही घातली मी! कढई घे. सात लग्नं शिजवले तिनं, एक साडी नाही शिजणार?"

मित्रांनो, कौतुक वाईट असतं. मी इतकी हरखले की काय होतं नव्हतं ते सगळं लोखंड त्या पाण्यात ओतलं. साडी पिवळी होईल, केशरी होईल, म्हणून सगळे वाकून बघत होते. रुपालीने काठीने साडी वर उचलली.

ती आभाळ भरून आल्यासारखी काळवंडली होती.

"हे हयदीची साडी हाय का म्हशीची झूल?" शालिग्रामभाऊ म्हणाले.

करिष्मा उंबऱ्यावर मटकन बसली. "आता काय सांगू मी त्याईले? का नवरी चिखलातून येऊन राह्यली?"

"त्या कढईले उद्याच भंगारवाल्याले द्या!" सोजराबाई कडाडल्या. माझा उरलेला कानही गळून पडेल असं मला वाटलं.

तेव्हा रुपाली बोलली. या घरात सासूचा शब्द ती पहिल्यांदाच खोडत होती. "कढईची चूक नाही, आई. हिरड्याले लोखंड लागलं का रंग असाच होते. मले ठाऊक होतं. तुमचा शब्द मोडायची हिंमत नाही झाली."

सोजराबाई तडक आत गेल्या. फळीवरून काहीतरी खणखणत उतरलं, आणि त्या गंगाळ पोटाशी धरून बाहेर आल्या. "घे. पण चिंच लावून घासून दे मले."

भांडं आलं, पण कापड कुठलं? बाजारातल्या नायलॉनवर पळस चढत नाही. सगळ्यांच्या नजरा अंगणातल्या दोरीकडे गेल्या. तिथे शालिग्रामभाऊंचं मांडवात नेसायचं नवं कोरं सुती धोतर वाळत होतं, बारीक लाल काठाचं.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले सगळे?"

भाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग स्वतःच दोरीवरून धोतर काढलं, एकवार हात फिरवला आणि गंगाळात टाकलं. "मी पँट घालतो. कोणी हासायचं नाही."

सगळे हसले. गंगाळात उरलेल्या फुलांच्या पाण्यात धोतर असं पिवळं उजळलं की मलाही हेवा वाटला. हळदीच्या दिवशी करिष्मा तेच नेसली. शालिग्रामभाऊ उसनी पँट दोन्ही हातांनी वर ओढत फिरत होते, आणि सोजराबाईंनी गाणं धरलं:

हयद लागली लेकीले, पळस फुलला वो दारी,
बापाच्या धोतराची, माय, लेक नेसली भरजरी!

पँट सोडून डोळे पुसावेत की डोळे सोडून पँट धरावी, हे भाऊंना कळेना.

आणि ती काळवंडलेली साडी? रुपाली म्हणाली, "बिघडलीच तं पुरती बिघडू द्या." तिने माझ्यात आणखी हिरडा टाकला, मंद आच ठेवली. भंगारवाला दारात आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, "कढई कामात हाय, भाऊ." मित्रांनो, माझ्याबद्दल असं कोणी किती वर्षांनी बोललं! मी त्या धाग्याधाग्यात काळा रंग मुरवला, काजळासारखा.

पुढे संक्रांत आली. नव्या नवरीची पहिली संक्रांत, तिला काळी साडी लागतेच. करिष्मा ती नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून माहेरी आली. सोजराबाई बघतच राहिल्या. "हे कोणं रंगवलं?"

"तुमच्या भंगारानं," रुपाली म्हणाली.

त्या गोठ्यात आल्या आणि माझ्या तुटक्या कानाला कुंकू लावलं. आता काळ्या रंगाचं काम माझं, पिवळ्याचं गंगाळाचं. मधल्या दिवसांत मी कोंबडीची.

तर मित्रांनो, घरातलं जुनं भांडं भंगारात देण्याआधी त्याला काय जमतं ते एकदा बघा. त्याला न जमणारं काम देऊन वर त्यालाच बोल लावू नका. सुनेला ठाऊक असेल ते तिला बोलू द्या. आणि घरात लग्न असेल, तर वडिलांचं धोतर उघड्यावर वाळत घालू नका.