मुक्या चेल्याचा बारावा गुरुवार

सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्यानं आपलं डोकं दाखवून यावं. पण राणीसावरगावचा रंगनाथ सलग अकरा गुरुवार गप्प बसला होता. ज्याच्या ज्वारीच्या ताटाला धडकून विमान वाकडं झालं, ज्याची म्हैस गोदावरीच्या पुरात उलटी पोहत पैठणला जाऊन दुधासकट परत आली, तो रंगनाथ! गावात त्याच्या थापा ऐकायला कुणी उरलं नव्हतं, सगळ्यांच्या माना मोबाईलात. म्हणून तो लांब, देवगाव फाट्याजवळ, अंतर्यामी महाराजांचा मुका चेला झाला. तिथं निदान मान होता, दोन वेळचं जेवण होतं.

गुरुवारी महाराजांच्या पत्र्याच्या शेडापुढं जीपा लागत. बाया, बापे, कॉलेजातली पोरं, एक निवृत्त तलाठीसुद्धा.

"डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतो, आमी मनाचा काढतो!" महाराज गर्जत. "लाईट गेली तरी निघतो! पैल्या गुरुवारी मुक्यापाशी मन मोकळं करा. मुक्याला सांगितलं की देवाला पोचलं. दुसऱ्या गुरुवारी देव मला सांगतो."

देवाचं टपाल रंगनाथच पोचवत होता. शेडामागच्या खोलीत बसून तो ऐकलेलं सगळं महाराजांच्या कानात ओतायचा. त्यात त्याला आधी मजा वाटली. पण लोक त्याच्यापुढं रडत, नाक पुसत, आणि उठताना त्यांचे खांदे सैल झालेले असत. त्याच्या थापांनी आजवर कुणाचे खांदे सैल झाले नव्हते. मग कान भरायला जाताना त्याचे पाय जड होऊ लागले. तरी तो जात होता.

अकराव्या गुरुवारी महेश्वरी आली. सासू चन्नबसम्मा बाहेर थांबली. चार महिन्यांचं लेकरू तापात गेलं होतं, तेव्हापासून तिला दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. "कापूस वेचून आले, त्याला कुशीत घेतलं अन् माजा डोळा लागला," ती म्हणाली. "उठून बघते तर गार. मी झोपले, हे कुणालाच ठाऊक न्हाई."

रंगनाथनं तेही पोचवलं.

बाराव्या गुरुवारी ती येताना त्याच्यासाठी भाकरी घेऊन आली. "तुमच्यापाशी बोलले तवापासून दोन घास जायलेत, मामा. झोप बी लागायलीय." रंगनाथला ती भाकरी हातात धरवेना. आत जाऊ नको म्हणावं, असं जिभेवर आलं. पण मुक्याला जीभ कुठली? तेवढ्यात तिचा नंबर आला.

"झोपलीस!" महाराज कडाडले. "लेकरू तापानं फणफणलं अन् तू झोपलीस! म्हणून गेलं ते! दवाखान्याच्या गोळ्या बंद! एकवीस दिवस कुणाशी बोलायचं न्हाई!"

"अंतर्यामी! अंतर्यामी!" गर्दीनं हात जोडले. चन्नबसम्मानं तोंडाला पदर लावला. महेश्वरीनं महाराजांकडं पाहिलंच नाही. तिनं मुक्याकडं पाहिलं. मग कुणाशीच न बोलल्यासारखी म्हणाली, "आता मला हिरीचं पाणीच जवळ करावं लागतंय," आणि ती चालू लागली.

"थांब, पोरी!" रंगनाथ ओरडला.

सगळ्यांच्या माना मुक्याकडं वळल्या. महाराज क्षणभर गांगरले, पण माणूस कसलेला. "चमत्कार! बारा वर्षं मुका होता, त्याला वाचा फुटली!"

लोक रंगनाथच्या पाया पडू लागले. "अरे, मी मुका न्हाई! तुमचं सगळं मीच ह्याला सांगतो!" तो बोंबलत होता. "देव बोलायलाय त्याच्या तोंडून," तलाठी गहिवरले. जन्मभर थापा पचल्या आणि आज एवढं एक खरं कुणाच्या घशाखाली उतरेना.

एका बाईनं मात्र महेश्वरीचा हात घट्ट धरला होता. ती तालुक्याच्या दवाखान्यातली समुपदेशक धम्मशीला. महेश्वरी दोन तारखांना आली नाही म्हणून शोधत आली होती. धम्मशीलानं गर्दीला विचारलं, "इथं येऊन बरं वाटलं, असे किती?" पुष्कळ हात वर झाले. "महाराज भेटायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात कुणाला झोप लागली?" हात वरच राहिले.

"मंजी गुण मुक्याचा?" कुणीतरी विचारलं.

"ऐकण्याचा. पाथरीला एक बुवा पाण्यात तोंड बघायला लावतो, तिथंही गुण येतो की नाही?"

"येतो! माज्या बहिणीला आला," कडूबाई नावाची म्हातारी म्हणाली. "मग तुमी काय येगळं करता, म्याडम?"

"आमच्यातही पद्धती खूप, आजी. कुणी विचार तपासतं, कुणी बालपण विचारतं, कुणी कामाला लावतं. मोजून पाहिलं तर गुण साधारण सारखाच. कारण आतला माल एकच: कुणीतरी मन लावून ऐकतं, दुःखाचा अर्थ लावून देतं, उद्या करायला काहीतरी देतं, आणि बरं होशील असा भरवसा देतं."

"मग म्हाराजांनी काय बिघडवलं?"

"सांगितलेलं चव्हाट्यावर मांडलं. भीती घातली. चालू औषध बंद केलं. मी असं केलं तर माझी तक्रार होते, नोकरी जाते. यांना कोण विचारणार? तुम्हीच विचारा. आणि महेश्वरी, दमलेल्या आईला झोप लागते. त्यानं लेकरू जात नाही. तापानं गेलं ते."

चन्नबसम्मा पुढं आली आणि तिनं सुनेचा दुसरा हात धरला.

"पण मुका बोलला, त्याचं काय?" महाराजांनी शेवटचा डाव टाकला. "सांगा की! बारा वर्षं मुका होता!"

"खोटं!" महेश्वरी वळली. तिचा आवाज शेडाच्या पत्र्याला जाऊन लागला. "मागच्या गुरुवारी मी लेकराचं सांगितलं तवा ह्यांच्या तोंडून 'अगं माय' निघालं. मी आयकलं होतं. मुके न्हाईत, हे मला तवाच ठाऊक झालं. तरी बोलत राहिले. मला देव नको होता, कुणीतरी आयकणारं पायजे होतं." ती रंगनाथपुढं येऊन उभी राहिली. "आयकलंत ते लय बरं केलंत, मामा. पण सांगितलंत कशाला?"

रंगनाथच्या तोंडात बोलायला जीभ होती. थाप एकही उरली नव्हती.