वरच्या खोलीतले दोन पलंग

सासूबाईंनी अर्धा पेला पाणी गादीच्या खोळीवर ओतलं आणि मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"अहो सिस्टर, कोरी गादी आहे ती!" गादीवाला खुर्चीतून अर्धवट उठला.

"म्हणून तर मी ओततेय. जुनी झाल्यावर पाहुणे ओततीलच."

गादीवाला परत बसला. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. वॉर्डात सदतीस वर्षांत त्यांनी जेवढ्या गाद्या पालथ्या घातल्या, तेवढ्या या माणसाने विकल्या नसतील, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. पाच मिनिटांनी त्यांनी खोळ उचलून खाली हात फिरवला. कोरडं होतं.

"अशा चार खोळी द्या."

"पलंग दोन ना?"

"दोन गादीवर, दोन दोरीवर."

सून बाजूला उभी होती. सात महिन्यांचा ढब्बू तिच्या छातीशी पट्ट्याने बांधलेला होता आणि तिच्या गळ्यातला दोरा चघळत होता. वरची खोली चार-दोन रात्रींच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची, ही कल्पना तिची. बाळासाठी नोकरी सोडली होती, नवरा पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा; काहीतरी आपलं असं उभं राहावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण त्याच खोलीवर धाकट्या दिराचाही डोळा होता, शिकवणीसाठी. सासूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाल्या, "सहा महिने देते. पाहुण्यांची तक्रार आली की खोली त्याची. आणि पलंग मी निवडणार."

तिला खरं तर कोपऱ्यातला तो भला मोठा डबल पलंग आवडला होता, मखमली पाठीचा.

"फोटोत किती छान दिसेल, आई."

"फोटोत कुणी झोपत नाही. त्या मखमलीला आठवड्यात डोक्याचं तेल लागेल." त्या दोन साध्या सुट्या पलंगांकडे वळल्या. "हे घ्यायचे. नवरा-बायको आले तर जोडायचे, कामावरचे दोघे आले तर तोडायचे. बस इथे. तळवे जमिनीला टेकतात का बघ."

ती बसली. तळवे टेकले.

"गुडघा काटकोनात हवा. बुटक्या पलंगावरून माणूस कण्हत उठतो. आणि सकाळी सकाळी कण्हलेला माणूस चांगलं लिहून जात नाही."

"अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, सिस्टर," गादीवाल्याने संधी साधली, "तुम्ही तर पाय पाहून अंथरूण घेताय!"

"दुसऱ्याचे पाय आहेत. जपूनच घ्यावं लागतं."

राहता राहिला गादी मऊ घ्यायची की कडक, हा प्रश्न. सासूबाईंनी मधल्या एका गादीवर मूठ दाबली, सोडली, गादी वर यायला किती वेळ घेते ते पाहिलं.

"हिच्यावर आडवी हो. माझी पाठ वॉर्डातली, तिला काहीही चालतं. दहा मिनिटं. एकदा उताणी, एकदा कुशीवर."

ती ढब्बूसकट आडवी झाली. सासूबाई त्याला घेतील असं तिला वाटलं नव्हतं. सात महिन्यांत त्या कधी 'दे इकडे' म्हणाल्या नव्हत्या. मान नीट धर, डावीकडून पाज, एवढं सांगायच्या आणि निघून जायच्या. तिनेही कधी मागितलं नव्हतं. मागणं म्हणजे तक्रार, आणि तक्रार आली की काय होतं ते ठरलेलं होतं. छताचा पंखा फिरत होता. त्याची पाती मोजायला तिने सुरुवात केली.

जाग आली तेव्हा ढब्बू तिच्या छातीवरच होता. त्याच्या पाठीवर एक हात होता. सासूबाई पलंगाशेजारी ताठ उभ्या होत्या, नजर घड्याळावर.

"पंचवीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

ती धडपडत उठली. "चुकून डोळा लागला. आई, गादी चांगली आहे पण."

"बघा!" गादीवाल्याने मांडीवर थाप मारली. "माझी गादी पहिल्या नंबरात पास!"

"कसली पास? भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. ही तुमच्या काउंटरवरही झोपली असती." सासूबाईंनी चष्मा पुसला. "जिना चढून आलेल्या पेशंटचं ब्लडप्रेशर मी कधी लिहून घेतलं नाही. आधी बसवायचं, मग मोजायचं. गाद्या घरी पाठवा. नाही पटल्या तर दहा दिवसांत बदलून देणार का, ते बोला."

"डाग नसला तर."

"खोळ आत्ताच बघितलीत ना?"

घरी येईपर्यंत सुनेच्या डोक्यात तेच घोळत होतं. दुकानात, परक्या माणसासमोर, आपण तोंड उघडं टाकून झोपलो. संध्याकाळी दिराने जिन्याखालूनच हाक दिली.

"वहिनी, गादीचा डेमो दिलास म्हणे! घोरत होतीस की नाही, तेवढं सांग."

"तुझ्या शिकवणीतली मुलं घोरतील, तेव्हा कळेल," ती म्हणाली. पण हसू आलं नाही.

सोमवारी पलंग आले. सासूबाईंनी स्वतः चादरी घातल्या, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचले. त्याच सकाळी तिच्या फोनवर पहिली विचारणा आली: आई आणि मुलगी, शुक्रवारपासून दोन रात्री. फोन हातात धरून ती जवळजवळ धावतच वर गेली.

सासूबाईंनी तो हातभर लांब धरून वाचला. "कळव, दहा दिवस खोली मिळणार नाही."

"पहिलंच गिऱ्हाईक आहे, आई."

"चाचणी कुठे झालीय?"

तिने उत्तर टाईप केलं. सहा महिन्यांतले दहा दिवस असेच गेले, एवढंच तिच्या मनात आलं.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई नळाशी गेल्या. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि तिच्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे."

तिला क्षणभर कळलंच नाही, काय द्यायचंय ते.

"तू वर जा. डावा पलंग. दार लावून घे."

"त्याला चार वाजता भूक लागते..."

"मला घड्याळ कळतं."

वर पडदे ओढलेले होते. उशाशी झाकलेला पाण्याचा पेला होता. पांघरायची चादर इतकी ताणून खोचलेली की पाय आत सरकवायला जोर लावावा लागला.

ती उठली तेव्हा पडद्याच्या फटीतलं ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं आणि तांबूस झालं होतं. पायऱ्या उतरताना तिने घाईघाईने केस बांधले. खाली सासूबाई खिडकीपासून दारापर्यंत हळूहळू फेऱ्या घालत होत्या. ढब्बू त्यांच्या खांद्यावर गाल चेपून झोपला होता.

"काही तक्रार?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

तिने खरंच आठवून पाहिलं. गादी मऊ होती का, रुतत होती का, कुशीवर वळताना आवाज आला का.

"मला काहीच आठवत नाही, आई. डोकं टेकलं, तेवढंच."

सासूबाईंनी मान हलवली, जणू हाच आकडा अपेक्षित होता. "मग आजची चाचणी धरायची नाही. उद्या परत."

"आणि माझे सहा महिने?"

"ते पहिल्या पाहुण्यापासून. चाचणीचे दिवस त्यात येत नाहीत."

तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले. सासूबाईंनी खांदा किंचित पलीकडे वळवला आणि फेरी चालू ठेवली.

"झोपू दे त्याला," दाराशी पोचून वळताना त्या म्हणाल्या. "आणि उजवा पलंग अजून राहिलाच आहे."