पहिल्या आंघोळीचा मान

धाकट्या भाऊजींना येत नाही असं काम जगात नव्हतं आणि त्यांनी धड पुरं केलेलं काम घरात नव्हतं. तरी सासूबाईंच्या लेखी धाकटा म्हणजे हिरा. म्हणून जुना गिझर गळायला लागल्यावर थोरल्या सुनेने वायरमनचं नाव काढलं आणि तोंडावर आपटली. घरात एवढं डोकं असताना बाहेरचा कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. थोरलीचा नवरा सवयीप्रमाणे पेपरात शिरला.

सकाळभर ठोकाठोक झाली. नवा पत्र्याचा गिझर भिंतीवर चढला, जरासा वाकडा. भाऊजींनी बटण दाबलं, लाल दिवा लागला, नळाला वाफाळतं पाणी आलं. संपली तपासणी. या घरात पाणी तापलं की यंत्र पास.

थोरली केर काढायला बाथरूममध्ये गेली, तर कचऱ्यात हिरव्या वायरचा वीतभर तुकडा. ही कुठली, तिने विचारलं.

"उरली ती, वहिनी. कंपनीवाले जास्तीची देतात. दोन वायरींवर भागतंय, तर तिसरी कशाला लोंबत ठेवायची?"

थोरलीने तो तुकडा उचलून हातात धरला. माहेरी अशीच हिरवी वायर तुटलेल्या इस्त्रीने तिच्या आईला भिंतीवर फेकलं होतं. ती वायर नसली की पत्र्यात उतरलेला करंट माणसातून वाट काढतो, एवढं ती तेव्हा कायमचं शिकली होती. तसं तिने सांगितलंही. भाऊजी हसले. सासूबाई म्हणाल्या, झालं हिचं माहेरपुराण सुरू.

तोवर सासरे खांद्यावर टॉवेल टाकून, अनवाणी, दारात हजर. घरात नवी वस्तू आली की पहिला मान त्यांचा, ही रीत. सायकलपासून मिक्सरपर्यंत सगळं त्यांनीच आधी चालवलेलं. मिक्सरचं झाकण लावायचं राहिलं, ती गोष्ट वेगळी.

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. थोरली दारात आडवी उभी राहिली आणि आवाजात साखर घोळून म्हणाली, "बाबा, घाम भाऊजींनी गाळला, तर मान त्यांचा. जा भाऊजी. फक्त रबरी चपला बाहेर काढा."

सासूबाईंना ही सूचना फारच आवडली. भाऊजींना मात्र आठवलं की आपली आंघोळ सकाळीच झाली. शिवाय सर्दीही वाटत होती.

"मग निदान पत्र्याला टेस्टर तरी लावा."

एवढ्याला नाही कसं म्हणणार? चपला न काढता भाऊजी आत गेले, ऐटीत टेस्टरचं टोक गिझरच्या पत्र्याला टेकवलं. आतला इवलासा दिवा लखकन पेटला.

"लागला की गं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "बघ, उगाच संशय घेतेस."

भाऊजींचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला.

"आई," ते हळूच म्हणाले, "तो तिथे लागायला नको होता."

सासरे दोन पावलं मागे सरले. टॉवेलही त्यांनी खांद्यावरून काढून छातीशी धरला.

मेन स्विच बंद झाला. वायरमन आला, कव्हरखाली चिमटलेली वायर बदलून, नवी हिरवी जोडून, मीटर लावून सगळं तपासून गेला. सासऱ्यांनी त्या दिवशी गॅसवरच्या पाण्याने आंघोळ केली. बादली अर्थात थोरलीनेच उचलली.

संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमचा धाकटा फार काटेकोर हो. स्वतः बसवून वर वायरमनकडून तपासूनही घेतला."

थोरलीने ते ऐकलं आणि हिरवा तुकडा देवघराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला. पुढच्या वेळी भाऊजींनी पक्कड हातात घेतली, की दाखवायला.