मीठ कमी हाय

दिवेआगरचे कावळे बिघडलेत, हे गावात कुणीही सांगेल. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर माणसं येतात, वेफर्स सांडतात, शेजवान नूडल्सचे खोके अर्धे टाकून जातात. एकदा शेजवानची चव लागलेला कावळा नुसत्या भाताच्या पिंडाकडे कसा बघतो, ते बघण्यासारखं असतं. मुंबईत स्थिरावलेला जावई सासरच्या पेजेकडे बघतो, अगदी तस्सा.

त्यामुळे धर्माच्या दहाव्याला कावळा शिवेना, हे सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पुतण्या सुजितने पिंड वाळूवर ठेवले, हात जोडले आणि सगळे मागे सरकले. सुरूच्या झाडावर कावळे होते. चांगले घसघशीत होते. त्यांनी खाली पाहिलं आणि मान फिरवली.

धर्माची बायको सगुणा इतर बायकांच्यात, जरा मागे, सावलीला बसली होती. तिने कावळ्याकडे पाहिलंच नाही. तो का येत नाही हे तिला ठाऊक होतं.

पुरुषांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी उन्हाला नावं ठेवली, मग पर्यटकांना, मग ग्रामपंचायतीला. मग नाइलाजाने ते मुद्द्यावर आले, की धर्माचं राहिलं काय?

"धर्मादादा," चुलतभाऊ भागोजी पुढे होऊन म्हणाला, "तुज्या खोल्यांचं आमी बगू. काळजी करू नको."

कावळे हलले नाहीत. भागोजीने आजवर ज्या ज्या गोष्टीचं बघितलं होतं, तिचं पुढे काय झालं ते त्यांना बहुधा माहीत असावं.

"काका, बोर्ड काढणार न्हाय आमी," सुजित म्हणाला. "वचन."

बोर्ड म्हणजे 'सात समुद्रांचं जेवण'. धर्माचा सगळा जन्म जहाजावर गेला, आणि तो भटारखान्यात. फिलिपिनो खलाशांना व्हिनेगरात शिजवलेलं अडोबो, युक्रेनच्या इंजिनिअरला बीटाचं लाल सार, ग्रीक कॅप्टनला वांग्याचे थर लावलेला मूसाका. ज्याला आईची आठवण येईल, त्याच्या आईचा पदार्थ धर्मा शिकून घ्यायचा. जहाज सोडून तो कायमचा घरी आला आणि थोड्याच दिवसांनी ते वादळ आलं. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि हा बोर्ड लावला. पाहुणे यायचे, बोर्ड मोठ्याने वाचायचे, त्याच्याखाली फोटो काढायचे आणि आत येऊन विचारायचे, "काका, सुरमई थाळी आहे ना?" त्यांच्या पोरांसाठी मॅगी.

तेव्हा सात समुद्रांचं जेवण जेवणारं गिऱ्हाईक एकच उरलं. सगुणा.

तो रोज संध्याकाळी तिच्यापुढे ताट ठेवायचा. "हे बग, हे बिबिंका. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, खाली केळीचं पान, वर-खाली निखारे. फिलिपिनो लोकांचं." सगुणा बघायची. तिच्या आईच्या हातचं असलंच काहीतरी पानावर भाजलेलं असायचं, त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाचा एम्पनाडा. ती म्हणाली, "करंजी हाय ही. खिमा घातला म्हणून काय झालं?" धर्मा खूश होऊन मांडीवर थाप मारायचा. "तेच सांगतोय मी! समदं जग एकच काम करतं बग. आत कायतरी भरायचं नि कडा दाबून टाकायच्या."

मग तो हात पुसत ओट्यापाशी उभा राहायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. दहावीच्या निकालाला पोरं बघतात तसा.

सगुणा घास चावायची, गिळायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय."

धर्मा मीठ घेऊन यायचा.

आता यातली गोम अशी. सगुणा बोर्ली पंचतनच्या पलीकडची, डोंगराकडच्या गावातली. तिच्या माहेरी रांधणाऱ्या बाईला तोंडावर चांगलं म्हणत नसत. हाताला नजर लागते. तिच्या एका मावशीच्या घावनांना जत्रेत कुणीतरी पाटलीणबाई "वा गं, काय हात आहे" म्हणाल्या, आणि आठवडा उलटायच्या आत त्या हातावर उकळतं तेल सांडलं. तेव्हापासून त्या घरात जेवण फारच जमलं की माणसं तोंड वाकडं करून "मीठ कमी हाय" म्हणायची आणि ताट पुन्हा पुढे करायची. पुन्हा पुढे आलेलं ताट हीच काय ती शाबासकी. जेवण खरोखरच बिघडलं असेल, तर मात्र "बरं झालंय" म्हणत. बिचारीला वाईट वाटायला नको.

धर्माच्या घरी हे नव्हतं. आणि जहाजावर तर नव्हतंच. तिथे रशियन टेबल बडवायचे, ग्रीक आपल्याच बोटांचं चुंबन घ्यायचे, आणि एक बर्मी खलाशी एकदा माशाचा रस्सा आणि शेवया घातलेला मोहिंगा खाऊन धर्माच्या गळ्यात पडून रडला होता. असल्या टाळ्यांना सोकावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पुढे आलेलं ताट वाचता येत नाही. त्याला ऐकू आलं ते मीठ.

तिने सांगायचं ना? पण सांगणार कसं? 'मी मीठ कमी म्हणते तेव्हा चांगलं म्हणते' असं म्हणणं म्हणजे चांगलं म्हणणंच की. नजर काय मागच्या दाराने येत नाही? ज्या माणसाचा हात रोज विस्तवापाशी, त्याच्या हाताचा जुगार ती खेळणार नव्हती. म्हणून ती वरून घातलेलं मीठ कालवून, खारट झालेलं ते जेवण निमूट संपवायची आणि पुन्हा ताट पुढे करायची. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब बघितला आणि मीठ कमी करायला सांगितलं. धर्माने लगेच केलं, वरूनही चिमूटभरच देऊ लागला. डॉक्टरांनी बजावूनही "मीठ कमी हाय" आलंच. धर्मा डोक्याला हात लावून बसला. कुठल्याच देशाच्या जेवणाने त्याला इतकं हरवलं नव्हतं.

मुलगी क्रांती आजोळी हे ऐकतच मोठी झाली. तिला 'मीठ कमी' म्हणजे काय हे न सांगता कळत होतं. बाबांनाही कळत असणार, असं ती धरून चालली. घरातल्या माणसाला घरातली भाषा शिकवायला कोण जातं?

शेवटच्या संध्याकाळी त्याने खिंकाली केली होती. जॉर्जियाचा मोदक. चुण्या घालून वर शेंडी काढायची, आत मटणाचा खिमा आणि रस. शेंडी धरून उचलायचं, बाजूने चावा घेऊन आधी रस ओढून घ्यायचा. तिखट अजिबात नाही. धर्माच्या खिंकालीला चुण्या इतक्या पडल्या होत्या, की गणपतीसुद्धा क्षणभर धर्म विसरला असता. सगुणा खात राहिली.

"अगं, शेंडी टाकायची असते," धर्मा म्हणाला. "तिथं शेंड्या ताटात ठेवतात. किती खाल्ल्या ते कळतं."

"टाकायची कशाला? अन्न हाय." सगुणाने शेंड्याही खाल्ल्या.

"कशी झालीय? आज तरी सांग."

तिने तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाय."

धर्मा हसला. पण त्या दिवशी मीठ आणायला उठला नाही. "व्हय का," म्हणाला. "उद्या बगू."

सकाळी तो माडांना पाणी लावायला गेला आणि तिथेच बसला तो उठला नाही.

आणि आता भागोजी वाळूवर विडी ठेवत होता.

"दादाला विडीची तलफ व्हती," तो म्हणाला.

"काका विडी ओढत न्हवते," सुजित म्हणाला.

"घरात न्हवता ओढत. तू गप."

विडी झाली, सोड्याची आमटी झाली, खिशातून एक छोटी बाटलीही निघाली. भटजींनी तेवढ्यापुरतं समुद्राकडे तोंड करून ओहोटी किती उरली ते बघितलं. कावळा एक फांदी खाली आला, विचार केला, परत वर गेला.

"खाण्यातलंच राहिलं असणार," कुणीतरी म्हणालं. "पण माणूस जगभर जेवलेला. कुठल्या बंदरात जीव अडकलाय, कसं कळायचं?"

"काका त्या अर्जेंटिनाच्या करंजीबद्दल लय बोलायचे."

"आता अर्जेंटिना आणू कुठनं? बोर्लीच्या बाजारात मिळते व्हय?"

"मी आणते," क्रांती उठली. "खिंकाली केलीय सकाळी. बाबांनी फोनवर दाखवली होती, तशी."

ती घरी जाऊन केळीच्या पानात बांधून घेऊन आली. चुण्या मोजक्याच होत्या, शेंड्या कलल्या होत्या. भागोजीने वाकून पाहिलं. "मोदक? दहाव्याला?"

"मटणाचे आहेत, काका."

भटजींनी डोळे मिटले. "मी मंत्र आठवतोय," ते म्हणाले. "ठेवा काय ठेवायचं ते."

कावळ्याने त्याकडेही पाहिलं नाही. ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली. दर्भाचा कावळा करून उरकावं का, अशी कुजबुज सुरू झाली. मग भागोजी बायकांच्या दिशेने वळला.

"वहिनी, आता तुमीच सांगा. दादाला सगळ्यात काय आवडायचं?"

सगुणाला ते ठाऊक नव्हतं. ते तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. तो काय काय करायचा ते सगळं तिला पाठ होतं. त्याला स्वतःला काय आवडायचं, हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण तो तिच्या तोंडाकडे बघण्यात गुंतलेला असायचा. पण त्याचं राहिलं काय, ते तिला पक्कं माहीत होतं. ते कुठल्याच बंदरात नव्हतं. ते तिच्या घशात होतं.

ती उठली. "आये, कुटं चाललीस?" क्रांतीने हात धरला. सगुणाने तो सोडवला. वाळूत पाय रुतत होते. पिंडांसमोर ती उभी राहिली. वाक्य तर लहानसंच होतं. चांगलं झालं व्हतं. त्या हाताला आता नजर लागणार नव्हती, तेल सांडणार नव्हतं. हात जळून गेला होता. पण जिभेला वळणच नव्हतं. पहिलं अक्षर शोधायला वेळ लागला. तिने पदर सावरला, तोंड उघडलं,

आणि कावळा आला. साधा भाताचा पिंड होता, त्यावर चोच मारली आणि गेला.

"शिवला! शिवला!" सगळे ओरडले. "सुटला धर्मा!"

"विडीच!" भागोजी म्हणाला. "मी म्हणत न्हवतो?"

सगुणा उघड्या तोंडाने तशीच उभी होती. तिला कावळ्याचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुठल्या माणसाचाही आला नव्हता. मेल्या, सकाळपासून बसला होतास. आणखी घटकाभर थांबला असतास तर?

"चला, चला," भटजी घाई करत होते. "आता मागं वळायचं नाही. बोलायचं नाही, हाक मारायची नाही. त्याचा पाय अडतो."

त्याचा पाय तिला अडवायचा नव्हता. ती वळली आणि सगळ्यांच्या मागून चालू लागली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, समाधानाने गेला. आपलं वाक्य तिने तसंच तोंडात ठेवलं होतं. थुंकताही येईना, गिळताही येईना.

घरी आंघोळी झाल्या. माणसं पांगली. भागोजी खोल्यांच्या चाव्या कुठे असतात ते विचारून गेला. तिसऱ्या प्रहरी क्रांतीने उरलेली खिंकाली वाफवून आईपुढे ठेवली.

"खा थोडं. सकाळपासून पोटात काय न्हाय तुज्या."

सगुणाने शेंडी धरून एक उचलली. बाजूने चावा घेतला, रस ओढला. क्रांती ओट्याला टेकून उभी होती. तिथेच, तशीच, हात पुसत.

"कशी झालीय?"

सगुणाने तिच्याकडे बघितलं.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "लय चांगली झालीय."

क्रांतीच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती धावत आली, आईच्या कपाळावर हात ठेवला. "आये, तुला बरं वाटत न्हाय का? उन्हात बसलीस म्हणून... सुजितला गाडी काढायला सांगू?"

"काय झालं न्हाय मला."

"मग असं काय बोलतेस?" क्रांतीने तिच्या ताटातली एक उचलून चावली आणि चेहराच उतरला तिचा. "अगं, यात मीठच घालायचं विसरले मी! आन् बाबांना तेच नेऊन ठेवलं."

ती मीठ आणायला वळली. डबा फळीवर नेहमीच्या जागी नव्हता, शोधावा लागला. बाबांनी तो, रोज लागतो म्हणून, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, हाताशी, आणून ठेवला होता. तो घेऊन क्रांती परत आली तेव्हा ताटात काही उरलं नव्हतं. शेंड्यासुद्धा नव्हत्या. सगुणाचे डोळे वाहत होते आणि ताट तिने पुढे केलेलं होतं.

"तिखट लागलं का गं?" क्रांतीने विचारलं.

"व्हय," सगुणा म्हणाली.