सिसूकने न सांगितलेलं पाणी

जलखात्याच्या वन्नासिन साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर वरून खाली बोट ओढलं आणि जमलेल्या गावाला सांगितलं, की आपली मेकाँग उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. मागच्या बाकावर सिसूकने नाक मुरडलं. खिडकीबाहेर नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे चालली होती, पलीकडच्या थाई काठाला घासत. राजधानीतल्या या दीडशहाण्याने मान वळवून पाहिलंही नव्हतं.

एकतीस वर्षं सिसूक रोज सकाळी धक्क्याच्या पायऱ्या उतरून मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचत आला होता. आता तिथल्या खांबावर यंत्र बसलं होतं. ते आपोआप राजधानीला आकडे पाठवणार होतं.

"काकांना आता विश्रांती," साहेब म्हणाले. "यंत्राला ना मोतीबिंदू होतो, ना डुलकी लागते."

गाव खदखदून हसलं. सिसूकच्या मेलेल्या भावाची बायको, बुआलाय, तीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली.

सभा आटोपल्यावर तो धक्क्यावर गेला. ऐन उन्हाळा, तरी सकाळी कोरडी असलेली पायरी ओली झाली होती. पाणी हिरवट, आणि त्यावर फेस नि काटक्या. वरच्या देशातल्या धरणाने पाणी सोडलं होतं. त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. उद्या दुपारपर्यंत वाळूचं बेट बुडणार. बेटावर गावातल्या बायकांचा भुईमूग होता, काढणीला महिना असलेला. एरवी तो तडक गावच्या भोंग्यावर ओरडला असता.

पण वर मंडळी यंत्राशेजारी फोटो काढून घेत होती. बुआलाय पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून.

'विचारा की त्या डब्याला,' सिसूक मनाशी म्हणाला. घरी जाऊन चिकट भात खाल्ला आणि आडवा झाला.

यंत्राने आकडे चोख पाठवले. राजधानीत शनिवार होता. ते वाचायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुआलाय बुडालेल्या बेटावर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाताला लागतील ते वेल उपटत होती. बाकीच्या बायका हात टेकून काठावर बसल्या होत्या. सिसूक होडीने तिथे गेला, पाण्यात उतरला आणि तिच्या शेजारी उपटू लागला.

"भाऊजी, काल तुम्ही धक्क्यावर गेला होतात ना? काही दिसलं नाही?"

साहेबांसाठी त्याने कालपासून चार झणझणीत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

"नाही. वाचायला चुकलो."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"होतं हो असं," बुआलाय म्हणाली. "वय झालं. डोळे दगा देतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिने मुळाला लोंबणाऱ्या शेंगांचा चिखल पाण्यात खळबळून धुतला आणि एक मूठ त्याच्या हातावर ठेवली. सिसूकने एक शेंग दाबली. दाणा धरलाच नव्हता, नुसतं पाणी निघालं. ती बघत होती, म्हणून त्याने सालासकट चावून खाल्ली.