गवत कोंबलेली घंटा

मी मेंढीच्या गळ्यातली घंटा बोलतेय. तोंडात गवत कोंबलेलं आहे, तेव्हा आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे घंटेत गवत कोंबायचं काम मेंढीचोरांचं. कळप पळवताना वाजू नये म्हणून. माझ्या तोंडात ते कुणी कोंबलं, ते सांगते.

माझा जन्म इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या डोंगरातला. लोहाराने ठोकून ठोकून मला सूर दिला. पटला नाही की पुन्हा हातोडी! गावातले जुने मेंढपाळ अंतिओगूकाका, त्यांनी मला आपल्या एका खट्याळ मेंढीच्या गळ्यात बांधलं.

एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि शेजारच्या बाकीसचा सगळा कळप जळाला. आमच्याकडे एक रीत आहे, परादुरा. ज्याचा कळप गेला त्याला घराघरातून एकेक मेंढी द्यायची. अशी मिळालेली मेंढी विकायला कुणाचा हात धजत नाही. तशीच मी बाकीसकडे आले. सगळ्या घरांच्या घंटा एकत्र वाजल्या, की त्याची बायको बोनारिया म्हणायची, "ऐकलंस? अख्खं गाव आपल्या कळपात चालतंय."

आमच्या दुधाचं चीज अमेरिकेला जायचं. बाकीसने बोटीत कधी पाय ठेवला नव्हता, पण तिकडच्यांच्या जेवणावर त्याची चूल पेटायची. मला याची कायम धास्ती वाटायची.

मग तिकडच्या सरकारने आयातकर लावला. त्यात डॉलर घसरला, म्हणजे त्याच चीजला त्यांना आणखी डॉलर मोजावे लागणार. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. डेअरीचा माणूस आला तो मान खाली घालूनच.

"गोदामं भरलीत, बाकीस. उद्यापासून निम्मंच दूध घेणार."

"मग मेंढ्यांना काय सांगू? डॉलर चढेपर्यंत पान्हा चोरा, बायांनो?"

तो हसला नाही.

बाकीस अंतिओगूकाकांकडे गेला. "काका, पुन्हा परादुरा करा. मेंढ्या नकोत, नुसता चारा द्या."

"कुणाकडे मागू रे पोरा? तेव्हा वणवा तुझ्या एकट्याच्या रानात होता. हा सगळ्यांच्याच गोठ्यात शिरलाय. देणारं घर उरलंय का एक तरी?"

परवा पहाटे बाकीसने माझ्या तोंडात गवत कोंबलं. स्वतःच्याच हाताने.  गावाने दिलेला कळप तो खाटकाच्या गाडीकडे नेत होता, आणि गावाला ते ऐकू जाऊ नये एवढीच त्याची धडपड होती.

वळणावर दुसरा कळप भेटला. त्याच्याही घंटा मुक्या होत्या. पुढे अंतिओगूकाका चालत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मागून आणखी खुरांचा आवाज येत होता.

मेंढी गाडीत गेली; आता मी बाकीसच्या घरी खिळ्याला टांगलेली आहे. बोनारिया येता-जाता बघते, पण गवत काही काढत नाही. तुमच्याही गावचं काही ना काही समुद्रापार विकलं जात असेलच. एखाद्या पहाटे रोजचा आवाज आला नाही, तर कूस बदलून झोपू नका. उठा, आणि रस्त्यावर बघा.